तातडीच्या वेळी कोणाला कळवावे

चष्म्याचं दुकान आणि चाव्या बनवणाऱ्याची टपरी यांच्यामध्ये विमा कंपनीची ती शाखा होती. दोन खिडक्या, चार खुर्च्या, पाण्याचं एक पिंप आणि आत काचेच्या खोलीत शाखाप्रमुख साहेब. पहिल्या खिडकीत घराचा आणि गाडीचा विमा मिळायचा. दुसऱ्या खिडकीत प्रवासाचा, आणि तिथे गेली एकोणीस वर्षं चौकशीताई बसत.

हे नाव ऑफिसातल्यांनीच ठेवलेलं. फॉर्मवर प्रश्न बावीस, ताई विचारणार चाळीस. कुठे जाणार, तिथून पुढे कशाने, बोट चुकली तर रात्र कुठे काढणार, खोलीची मालकीण फोन उचलते का, की नुसतेच मेसेज पाठवते? गिऱ्हाईक आधी कंटाळायचं, मग रंगात यायचं, आणि शेवटी खुर्ची ओढून नकाशा पसरायचं. मागे रांग लागली तरी ताईंची गाडी आपल्याच गतीने चालायची. पहिल्या खिडकीतला कारकून तेवढ्या वेळात तीन मोटारी विमा उतरवून मोकळ्या करायचा आणि ताईंकडे बघून कपाळाला हात लावायचा.

पण त्यात ताईंचं चुकत होतं असं म्हणता येणार नाही. टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांचा विमा टूरवालेच गठ्ठ्याने काढून देतात. ताईंकडे यायचे ते सगळं स्वतःचं स्वतः ठरवणारे. विमानाचं तिकीट एकीकडून, बोटीचं दुसरीकडून, झोपायला कुठल्याशा बाईच्या घरातली माडी. अशा माणसाचा एक धागा सुटला की सगळी वीण उसवते आणि निस्तरायला शेजारी कोणी नसतं. टूरबरोबर गेलेला माणूस हरवला तर निदान बसमध्ये एक डोकं कमी भरतं. स्वतः ठरवून गेलेला हरवला तर कुठेच काही कमी भरत नाही. हे ताईंना पहिल्या वर्षातच कळलं होतं, आणि तेव्हापासून त्यांचे प्रश्न वाढले.

दुसरं म्हणजे, लोक विमा घ्यायला येतात आणि आजार लपवतात. याला म्हणतात ताकाला जाऊन भांडं लपवणं. छातीत कळ येते हे सांगितलं तर हप्ता वाढतो, म्हणून सांगायचं नाही. आणि परदेशात खरोखर कळ आली की कंपनी जुना कागद काढून म्हणणार, हे तर तुम्ही बोलला नव्हता. ताई खोदून खोदून विचारत त्या याच भीतीने. त्यांच्या हातून निघालेला फॉर्म वरचे लोक डोळे मिटून मंजूर करायचे, आणि या गोष्टीचा ताईंना अभिमान होता. स्वतः त्या समुद्रापलीकडे कधी गेल्या नव्हत्या, त्याचं फारसं दुःखही नव्हतं. रोज आठ-दहा माणसं येऊन आपापला प्रवास सांगून जायची, तेवढ्यात त्यांची हौस भागायची. संध्याकाळी घरी गेल्या की नवऱ्याला त्यातलं अर्धं ऐकावं लागे. तो शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता, दिवसभर काचेच्या नळ्या विसळून दमलेला, आणि ऐकता ऐकता बसल्या जागी पेंगायचा. एकंदरीत बाईचं बरं चाललं होतं.

आता त्या एकोणिसाव्या रकान्याबद्दल. ‘तातडीच्या वेळी कोणाला कळवावे’ असा तो रकाना. नाव, फोन आणि नाते. नाते हाताने लिहायची सोय नव्हती. संगणकात एक यादी होती, आई-वडिलांपासून मावसबहिणीपर्यंत, त्यातलं एक निवडायचं. रकाना रिकामा ठेवला की संगणक पुढे सरकायचाच नाही, हटून बसायचा.

पाचेक वर्षांपूर्वी एक म्हाताऱ्या बाई आल्या. निवृत्त परिचारिका, एकट्याच डोंगरातल्या कुठल्या तळ्यावर निघालेल्या. बाकी सगळं चोख, पण एकोणिसाव्या रकान्यापाशी त्या थांबल्या आणि त्यांनी स्वतःच्याच घरचा नंबर सांगितला. ताईंनी विचारलं, घरी कोण उचलेल? कोणी नाही, बाई म्हणाल्या, पण वाजेल तरी.

संगणकावरची ती यादी ताईंनी दोनदा वरखाली केली. मग म्हणाल्या, माझा नंबर घालू का? बाई लाजल्या, नको नको म्हणाल्या, आणि मग हो म्हणाल्या. यादीत ‘विमा विकणारी’ असं नातं नव्हतं, शेजारीणसुद्धा नव्हती. ताईंनी ‘भाची’ निवडलं आणि संगणक मुकाट्याने पुढे सरकला.

एकदा पायंडा पडला की पडला. महिन्यादोन महिन्यांतून असं एक माणूस यायचंच. कोणाचे भाऊ बोलत नव्हते, कोणाचे कोणी उरलेच नव्हते, कोणाला लेकीला काळजीत टाकायचं नव्हतं. ताई कोणाची बहीण झाल्या, कोणाची काकू, एका कॉलेजातल्या मुलीची मावशी. नियमात हे बसत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नवऱ्यालाही ठाऊक होतं. लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस, तो म्हणायचा, एक दिवस हात भाजेल. पण फोन कधी आलाच नाही, त्यामुळे त्या भीतीची धार बोथट झाली होती.

काटेवाला आला तो याच हिशोबात. दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करून त्यांवर शिक्का मारून देणारा साठीचा माणूस, मोजकं बोलणारा. त्याला दीपस्तंभ बघायचा नाद. दरवर्षी सुट्टी काढून एकटा कुठल्यातरी बेटावर जायचा आणि तिथल्या दीपस्तंभाच्या पायऱ्या मोजून यायचा. मोजून काय करता, ताईंनी विचारलं. काही नाही, तो म्हणाला, बरोबर आल्या की बरं वाटतं.

आजार काही नाही म्हणाला. सकाळी एक गोळी घेतो, किरकोळ. पण त्याच्या मनगटाच्या वर तळहाताएवढा काळानिळा डाग होता. ताईंनी विचारलं, हे काय? म्हणाला, वजन घसरून लागलं. केवढं वजन? पाव किलोचं. पाव किलोने एवढं काळंनिळं होत नाही, हे ताईंना एकोणीस वर्षांत कळलं होतं. पंधरा मिनिटं त्याला त्यांनी सोडलं नाही. शेवटी खरं निघालं, हृदयाचे ठोके मागेपुढे होतात म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी दिली होती, दोन वर्षं झाली. गोळीचं नाव, किती ताकदीची, कधीपासून, सगळं फॉर्मवर चढलं आणि हप्ता वाढला. काटेवाला कुरकुरला. एकोणिसाव्या रकान्याशी आल्यावर म्हणाला, कोणाला कशाला कळवायचं, मी परत आलो की सांगेनच की. ताईंनी आपला नंबर घातला, ‘बहीण’ निवडलं, आणि पाकिटात ठेवायचं कार्ड छापून त्याच्या हातात दिलं.

त्यानंतर चार आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, ताईंच्या पर्समध्ये मोबाईल वाजला. खिडकीत बसल्यावर मोबाईल घ्यायचा नाही असा नियम होता आणि समोर एक जोडपं नकाशा पसरून बसलं होतं. ताईंनी वाजू दिला. तो थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. नंबर लांबलचक, परदेशातला. जोडप्याला एक मिनिट म्हणून त्यांनी फोन कानाला लावला.

पलीकडे दवाखान्यातली एक परिचारिका होती. तोडक्यामोडक्या भाषेत, एकेक शब्द सुटा करून बोलत होती. धक्क्याच्या ओल्या पायऱ्यांवरून माणूस पडला. खुब्याचं हाड मोडलं, डोक्याला मार लागला, बोलतो ते असंबद्ध. सामानाची पिशवी पाण्यात गेली. पाकिटात हे कार्ड मिळालं. तासाभरात ऑपरेशनला घ्यायचंय, डॉक्टरांना त्याच्याबद्दल विचारायचंय, पण घरच्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणाशी बोलता येत नाही.

“तुम्ही त्यांच्या बहीण ना?” तिने विचारलं.

ताईंनी मान वर केली. काचेपलीकडे साहेब उभे राहून त्यांच्याकडेच बघत होते. नाही म्हटलं असतं तर फोन तिथेच ठेवला गेला असता, आणि त्या लोकांनी नसलेले नातेवाईक शोधत बसायला सुरुवात केली असती. हो म्हटलं तर जे कागदावर होतं ते आता तोंडाने खोटं बोलणं होतं, भर ऑफिसात, साहेबांच्या देखत.

“हो,” ताई म्हणाल्या. “बहीण बोलतेय. विचारा.”

आणि त्यांनी त्याचा फॉर्म संगणकावर उघडला. औषध घेतात का? घेतात, रक्त पातळ करणारी गोळी. पलीकडे कोणीतरी भराभर बोलल्याचा आवाज आला. गोळीचं नाव? ताईंनी अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं, दोनदा म्हणवून घेतलं. ताकद किती, दिवसातून कितीदा, कधीपासून? कुठल्या औषधाची ऍलर्जी? पूर्वी ऑपरेशन? लहानपणी हर्नियाचं, डाव्या बाजूला. सख्ख्या बहिणीला भावाबद्दल एवढं कधीच माहीत नसतं, एवढं त्या फॉर्मवर होतं. परिचारिका म्हणाली, बरं झालं बोललात, आता आधी त्या गोळीवर उतारा देतील, ऑपरेशन उद्यावर जाईल. तसंच घेतलं असतं तर रक्त थांबवणं अवघड होतं. मग म्हणाली, काळजी करू नका, भाऊ आमच्याकडे आहे. ताईंनी फोन ठेवला. समोरच्या जोडप्यातल्या बाईने न विचारता पिंपातलं पाणी आणून दिलं.

साहेब खिडकीशी आले आणि विचारते झाले, कोणाचा फोन? राँग नंबर म्हणून वेळ मारून नेता आली असती. साहेब वयाने ताईंपेक्षा बारा वर्षांनी लहान आणि स्वभावाने संकोची. त्यांनी पुन्हा विचारलं नसतं. पण ताईंनी आत जाऊन पाच वर्षांचं सगळं सांगून टाकलं. खोटं पकडण्यात ज्यांची उमर गेली त्यांना स्वतःचं खोटं फार वेळ धरून ठेवता येत नाही.

साहेबांनी संगणकाला ताईंचा नंबर शोधायला लावला. एकोणचाळीस फॉर्म निघाले. त्यांनी यादी वाचायला सुरुवात केली: बहीण, काकू, वहिनी, मावशी, भाची, पुन्हा बहीण. एका ब्याऐंशी वर्षांच्या आजोबांची ‘नात’ आली तेव्हा साहेब थांबले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. हसू येत होतं की राग, त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं.

मग ते म्हणाले ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. दवाखान्याचं बिल उद्या दाव्यासाठी येईल. वरचे लोक कागद बघतील आणि त्यांना दिसेल की पॉलिसी विकणारी बाई आणि आजारी माणसाची बहीण एकच. संगनमत आहे असं कोणालाही वाटेल. दावा अडकेल, आणि तो एकट्याचाच नाही, एकोणचाळीस फॉर्म संशयात पडतील. ताईंची नोकरीही राहील की नाही सांगता येत नाही.

“मला हे वर कळवावं लागेल, ताई.”

“कळवा. पण त्यात एवढं लिहा, की मी त्यांची कोणी नाही. चूक माझी आहे, त्यांची नाही. त्यांचं बिल अडकवू नका म्हणावं.”

नोकरी जाईल या भीतीपेक्षा तीच गोष्ट ताईंना आतून खात होती. चांगलं करायला गेल्या आणि परक्या गावात पडलेल्या माणसाच्या गळ्यात बिलाचं लोढणं बांधून बसल्या. घरी गेल्यावर त्या रडल्या. नवऱ्याने हात भाजला का असं विचारलं नाही. त्याने गॅस पेटवला, चहा टाकला, आणि तू गप्प बस, उद्या ऑपरेशन झालं का ते विचार आधी, असं म्हणाला. दुसऱ्या दिवशी विचारलं. झालं होतं, नीट झालं होतं. ताईंनी फोनवर बहीण म्हणूनच विचारलं, दुसरा इलाज नव्हता.

पुढचे चोवीस दिवस ताई खिडकीत नव्हत्या. त्यांना मागच्या खोलीत बसवलं होतं, जुन्या फायली लावायला. खोलीत एक ट्यूबलाइट, लोखंडी कपाटं आणि तुटक्या खुर्च्यांची चळत. माणसाचं तोंड बघायला मिळायचं नाही. त्यांच्या खिडकीत पहिल्या खिडकीतला कारकून बसू लागला आणि भिंतीपलीकडून त्याचं काम ऐकू यायचं: आजार? नाही. औषधं? नाही. सही करा, पुढे. ताई फायली ठेवता ठेवता दात आवळायच्या. एकदा राहवलं नाही म्हणून त्यांनी भिंतीवर मूठ आपटली. पलीकडून कारकुनाचा आवाज आला, अहो, नक्की काही औषध घेत नाही ना? त्या दिवशी ताई जरा हसल्या.

पंचविसाव्या दिवशी वरून पत्र आलं. साहेबांनी ते आधी स्वतः वाचलं, मग ताईंना बोलावून खुर्चीत बसवलं. ताईंना लेखी ताकीद, ती नोकरीच्या फायलीत लागेल. काटेवाल्याचा दावा मंजूर. यादीत ‘परिचित’ असं नवं नातं घालण्यात आलं आहे. आणि ताईंनी त्या एकोणचाळीस जणांना स्वतः फोन करावेत, तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं ते पुन्हा विचारावं, आणि विमाधारक सांगेल तेच नाते लिहावे. स्वतःच्या मनाने काही लिहू नये. हे झालं की खिडकीत परत बसावं.

ताईंना विश्वास बसेना. एवढ्यावर कसं भागलं, त्यांनी विचारलं. साहेबांनी खांदे उडवले. आपण सगळं खरं लिहिलं होतं, म्हणाले, आणि दवाखान्याचंही एक पत्र गेलं होतं त्या गोळीबद्दल. बाकी वरच्यांनी त्या काटेवाल्याशीही फोनवर बोलणं केलं असं ऐकलं. काय झालं ते त्यांनी आपल्याला सांगितलेलं नाही.

ताई त्याच दुपारी फोनला बसल्या. कॉलेजातल्या त्या मुलीचं लग्न ठरलं होतं, तिने होणाऱ्या नवऱ्याचं नाव दिलं आणि मावशीला आमंत्रणही दिलं. एक गृहस्थ भडकले, माझी खासगी माहिती तुमच्याकडे कशी म्हणून. त्यांना समजावताना ताईंच्या नाकी नऊ आले. निवृत्त परिचारिका बाईंना वरच्या मजल्यावर एक चांगली शेजारीण मिळाली होती, तिचा नंबर त्यांनी सांगितला आणि तीनदा तपासून घेतला. ब्याऐंशीचे आजोबा म्हणाले, परिचित तर परिचित, पण फोन तुमचाच ठेवा, आता नवीन माणसं कुठे शोधू. बाराव्या नंबरावर काटेवाला होता.

तो घरी परत आला होता, कुबडी घेऊन चालत होता. ताईंनी आधी पायाचं विचारलं, मग वाकून पत्र समोर घेतलं आणि ठरलेलं वाक्य वाचलं: तुमच्या फॉर्मवर बहीण असं नाते चुकीने लिहिलं गेलं आहे, ते दुरुस्त करायचं आहे, आता ‘परिचित’ असं लिहिता येतं, तर लिहू का? मोजकं बोलणारा माणूस, त्याला सुरुवात करायला वेळ लागत असे.

“तुमच्या वरच्या ऑफिसातून मला फोन आला होता,” काटेवाला म्हणाला. “दवाखान्यात होतो तेव्हा. विचारलं, ती बाई तुमची बहीण का? मी हो म्हणालो.”

“अहो, पण मी तर त्यांना लिहून दिलं होतं, की मी तुमची कोणी नाही.”

“तेही सांगितलं त्यांनी मला. त्या स्वतः म्हणतात, नातं नाही. मी म्हणालो, रागावली असेल. मी पायरी बघून चाललो नाही म्हणून. भावाबहिणींत होतं असं.”

हातातलं पेन ताईंनी उगाचच टेबलावर सरळ करून ठेवलं.

“चाळीस वर्षं काट्यांवर शिक्का मारतोय,” काटेवाला म्हणाला. “आजपर्यंत कोणी मला खोटा म्हटलेलं नाही. आता तुम्ही परिचित लिहिलंत तर मी खोटा पडेन.”

विमाधारक सांगेल तेच नाते लिहावे, असं पत्रात स्वच्छ होतं, आणि खाली सही-शिक्का होता. ताईंनी डोळे पुसले, यादी उघडली आणि त्याने सांगितलं तेच लिहिलं. मग पुढच्या सुट्टीत कुठे जाणार आणि धक्क्याच्या पायऱ्यांना कठडा आहे का, हे विचारायला त्यांनी सुरुवात केली, आणि उरलेल्या सत्तावीस जणांचे फोन दुसऱ्या दिवसावर गेले.